परदेशी विद्यापीठाचा अर्ज: सोलापुरात ऐकू येणारे गैरसमज

“आपल्यासारख्यांना तिकडे कोण घेणार?” बुधवार पेठ असो, सेटलमेंट असो की विडी घरकुल, पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींपुढे परदेशी शिक्षणाचा विषय काढला की हा प्रश्न येतोच. त्यांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं बहुतेक वेळा तेच पहिलं माणूस असतं. ही मुलं हुशारीत कुठेच उणी नसतात. ती मागे पडतात ती कागदांत आणि तारखांत, कारण या गोष्टी वेळेवर सांगणारं घरात कुणी नसतं. म्हणून जे समज वारंवार ऐकू येतात, त्यांच्याबद्दल इथे सविस्तर लिहितो आहे.

पहिला समज पैशाचा: परदेशी शिक्षण म्हणजे बापाची जमीन नाहीतर बँकेचं कर्ज. एक-दोन वर्षांच्या एमएसला ते बरंचसं लागू पडतं. पीएचडीचं गणित मात्र वेगळं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक चांगल्या विद्यापीठांत पीएचडीच्या विद्यार्थ्याची फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा प्रयोगशाळेतल्या कामाच्या बदल्यात दरमहा विद्यावेतन मिळतं. एम.एस्सी. झालेल्या मुलीला तिथे थेट अर्ज करता येतो. हे गावात फारसं कुणाला ठाऊक नसतं, कारण फी न भरणाऱ्या विद्यार्थ्यामागे एजंटला कमिशन मिळत नाही. जर्मनीत बहुतांश सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे 12 हजार युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत फी, राहणं आणि विमानभाडं सगळं येतं. तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं.

सरकारी योजनांत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या दरवर्षी 75 जागा असतात आणि अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या 125 जागा आहेत. ती फक्त अनुसूचित जातींसाठी आहे, असं अगदी प्राध्यापकांकडूनही ऐकलं आहे. प्रत्यक्षात 115 जागा अनुसूचित जातींच्या, 6 विमुक्त-भटक्या जमातींच्या आणि 4 भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांच्या आहेत. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या जमाती 31 ऑगस्ट 1952 ला मुक्त झाल्या. त्यांच्या नातवंडांपर्यंत या 6 जागांची बातमी पोचायला हवी. केंद्राच्या या योजनेत एक मेख आहे: 2022 पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले आहेत. जातीवर संशोधन करू पाहणाऱ्या मुलाने अर्जाआधीच दुसरा आधार शोधावा. मला हा बदल अन्यायाचा वाटतो, पण नियम आज तसा आहे.

शिष्यवृत्ती मिळाली की चिंता मिटली, हाही एक समजच. 1913 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांच्या मुदतीने. मुदत सरली आणि 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून शिल्लक टाकून आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले, डी.एस्सी. 1923 मध्ये मिळाली. आजही अर्जाची फी, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा आणि विद्यापीठाकडे भरायची अनामत हे खर्च शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता येण्याआधी उभे राहतात. निवडपत्र दाखवून अनामत माफ करायला किंवा पुढे ढकलायला विद्यापीठाला लेखी विचारता येतं. अर्जाची फीही अनेक विद्यापीठं विनंतीवरून माफ करतात. विचारण्यात कमीपणा अजिबात नाही.

दुसरा मोठा गैरसमज म्हणजे अमेरिकेत काळ्या-सावळ्या विद्यार्थ्यांना राखीव जागा असतात, म्हणून आपला नंबर सहज लागेल. अमेरिकेत आपल्यासारखं आरक्षण नव्हतंच. प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची जी मोकळीक होती, तीही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2023 ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात काढून घेतली. शिवाय सोलापुरातून अर्ज करणारा मुलगा त्यांच्या नोंदीत आंतरराष्ट्रीय विद्यार्थी असतो, त्याचा वंश तिथे वेगळा मोजला जात नाही. जात प्रमाणपत्राने तिकडे प्रवेश मिळत नाही. ते लागतं इथल्या शिष्यवृत्तीसाठी.

याच्या उलटचा समजही ऐकू येतो: समुद्र ओलांडला की जात सुटते. तसं असतं तर ब्रँडाइस विद्यापीठाला 2019 मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाला 2022 मध्ये भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख करावा लागला नसता. सिएटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये तसा कायदाच केला. तिकडे आडनाव विचारणारे भेटतात ते बहुधा आपलेच लोक असतात. म्हणून विद्यापीठ निवडताना त्याच्या नियमांत जातीचा उल्लेख आहे का आणि तक्रार कुणाकडे करायची, हे पाहून ठेवावं. त्वचेच्या रंगावरून होणाऱ्या वागणुकीची तक्रारही त्याच कार्यालयात करता येते.

“सोलापूर विद्यापीठ त्यांना माहीत तरी असेल का?” हे विद्यापीठ 2004 चं, एकाच जिल्ह्यासाठी स्थापलेलं, नाव नसेल माहीत. प्रवेश समिती मात्र गुणपत्रक, विषय आणि केलेलं काम बघते. खरी अडचण तीन वर्षांच्या पदवीची असते. ब्रिटनमध्ये ती चालते, अमेरिकेत अनेक ठिकाणी चार वर्षांचं शिक्षण मागतात, एम.ए. किंवा एम.एस्सी. केलेल्यांचा हा प्रश्न सुटतो. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता सर्वत्र सक्तीची राहिलेली नाही. काही विद्यापीठं इंग्रजी माध्यमातून शिकल्याचं कॉलेजचं पत्रही मान्य करतात.

अर्जासोबतच्या निबंधात गरिबीची कहाणी लिहिली की काम होतं, असंही मुलांना सांगितलं जातं. आई विड्या वळते हे जरूर लिहावं. पण तंबाखूच्या धुळीत दिवसभर बसणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांविषयी तुम्हाला कोणता प्रश्न पडला, तो तपासायला आजवर काय केलं आणि त्या विद्यापीठातल्या कोणत्या प्राध्यापकाकडे त्याची पुढची वाट आहे, हे आल्याशिवाय निबंध पुरा होत नाही. पूर्व भागातल्या पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलेल्या मुलाकडे वस्त्र अभियांत्रिकीचे जे प्रश्न असतात, ते पुस्तकातून आलेल्याकडे नसतात. शिफारसपत्र आमदार-खासदारांचं नको. ज्या सरांनी तुमचा प्रकल्प तपासला, त्यांचं एक पानभर नेमकं पत्र कितीतरी वजनदार ठरतं.

आता कागद, कारण सगळ्यात जास्त मुलं इथे अडतात. जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. प्रमाणपत्र उपविभागीय अधिकाऱ्याच्या सहीचं असतं, वैधता जिल्हा पडताळणी समिती देते. पुरावा अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा लागतो. सीमेवरच्या आपल्या जिल्ह्यात याचा त्रास जास्त आहे. आजोबा विजापूर किंवा गुलबर्ग्याहून आपल्या प्रवर्गाच्या तारखेनंतर आले असतील, तर महाराष्ट्रातल्या सवलती मिळत नाहीत. आधी आले असतील, तर आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा जुनी महसुली नोंद शोधावी. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झाली असेल, तर तो सर्वांत भक्कम पुरावा. नावाचंही बघा: आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जातं आणि स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकसुद्धा महिनाभर खातो.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात जायचं असेल, तर यंदाच्या उन्हाळ्यात पासपोर्ट आणि वैधतेचा अर्ज करून टाकावा. चेव्हनिंगचे अर्ज ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात. अमेरिकेतल्या पीएचडीची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरात संपते, म्हणून शिफारसपत्रासाठी सरांना दिवाळीआधीच भेटावं. सरकारी शिष्यवृत्तीच्या जाहिराती पुढच्या वर्षाच्या पूर्वार्धात येतात आणि त्यांना विनाअट प्रवेशपत्र लागतं; म्हणजे विद्यापीठाचा अर्ज आधी आणि शिष्यवृत्तीचा नंतर. वय, उत्पन्न आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाच्या अटी बदलत राहतात. मित्राने पाठवलेल्या जुन्या पीडीएफवर न विसंबता त्या वर्षीची जाहिरात वाचावी, आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर नव्या आर्थिक वर्षाचा काढून ठेवावा.