आपल्या माघारी लागलेला निकाल

मालवणच्या किनारपट्टीवर अशी कितीतरी घरे आहेत, जिथे थोरला कुवेतला, धाकटा जहाजावर आणि घरी म्हातारी आई व सुना. अशाच एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणू. एके दिवशी कोर्टाचा बेलीफ दारात येतो. चुलत्यांनी सामाईक घर आणि माडांच्या बागेच्या वाटपाचा दावा लावलेला असतो. आई म्हणते, "मुलगा सुटीवर आला की बघू." कागद कपाटात जातो. मुलगा येतो तेव्हा कळते, दाव्याचा निकाल लागूनही गेला!

यालाच एकतर्फी हुकूमनामा म्हणतात. आपल्यापैकी बरेच जण इथेच हात टेकतात. पण दार अजून पुरते बंद झालेले नसते.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधील आदेश ९, नियम १३ प्रमाणे ज्या कोर्टाने हुकूमनामा केला, त्याच कोर्टात तो रद्द करण्याचा अर्ज देता येतो. कारणे दोनच. एक, समन्स रीतसर बजावले गेले नाही. दोन, समन्स मिळाले, पण तारखेला हजर न राहण्यास पुरेसे कारण होते, जसे गंभीर आजारपण किंवा अपघात. आपली बाजू खरी आहे एवढे सांगून भागत नाही. आपण का आलो नाही, हे आधी पटवावे लागते.

आखातातल्या मुलांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. प्रतिवादी परदेशात राहत असेल आणि त्याच्या वतीने समन्स घेण्याचा अधिकार इथे कोणाला दिलेला नसेल, तर समन्स त्याच्या तिकडच्या पत्त्यावर पाठवावे लागते. तसे झाले नसेल तर पासपोर्टवरचे शिक्के आणि कामाचा करार हाच मोठा पुरावा. मात्र आईने फोनवर तारीख सांगितली होती आणि हजर होण्यास पुरेसा वेळ होता, असे सिद्ध झाले, तर बजावणीतल्या किरकोळ चुकीवर हुकूमनामा रद्द होत नाही. म्हणून अर्जात खरे तेच लिहावे.

मुदत फक्त ३० दिवसांची. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनामा कळला त्या दिवसापासून. उशीर झाला असेल तर सोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा आणि झालेल्या उशिराचा खुलासा करावा.

प्रथम रोजनामा, बेलीफचा अहवाल आणि निकाल यांच्या नकला काढाव्यात. समन्स कोणी घेतले, की दारावर चिकटवले, ते त्यातून कळते. केवळ अर्ज दिला म्हणून अंमलबजावणीची दरखास्त थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. कोर्ट खर्च भरण्याची किंवा रक्कम जमा करण्याची अट घालू शकते. अर्ज फेटाळला तर त्यावर अपील करता येते. हुकूमनाम्यावर थेट अपीलही करता येते, पण त्याचा निकाल आधी लागला तर हा अर्ज चालत नाही. पोटगीचा एकतर्फी आदेश असेल तर नियम वेगळा आहे. तिथे आदेशापासून ३ महिन्यांत अर्ज करता येतो.

आता दोन निकाल पाहू. रफिक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या प्रकरणात वकील गैरहजर राहिल्याने अपील फेटाळले गेले होते. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सुनावणीला आणले. याउलट दिल्लीच्या एका घटस्फोट प्रकरणात पत्नीकडे पाठवलेले रजिस्टर पत्र 'नाकारले' या शेऱ्यासह परत आले होते. हुकूमनामा १९८९ चा, अर्ज १९९३ चा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो अर्ज फेटाळणेच योग्य ठरवले. नोटीस परत पाठवली की बला टळली, हा समज असा महागात पडतो.

दुसऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय निवाडा करू नये, ही शिकवण प्रेषितांनी (स.) हजरत अलींना (रजि.) येमेनला पाठवताना दिली होती. इन्साफाचे हे तत्त्व आपल्या कायद्यातही आहे. पण आपले म्हणणे ऐकले जावे, असे वाटत असेल तर सांगायला आपणही गेले पाहिजे.

परदेशी जाणाऱ्याने घरातल्या विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र देऊन जावे. कोर्टाचा कागद आला की त्याच दिवशी त्याचा फोटो मुलाला पाठवावा आणि वकिलाला दाखवावा. वकिलाची फी परवडत नसेल तर ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. म्हणजे घरी एकट्या असलेल्या आईलाही आपल्या हक्कासाठी मुलाच्या सुटीची वाट पाहावी लागत नाही.