सेवा करणाऱ्याचीही काळजी घ्या

घरात कुणी अंथरुणाला खिळले की औषधाच्या वेळा, पथ्यपाणी, दवाखान्यातली रांग, रात्रीचे जागरण हे सगळे बहुधा एकाच माणसावर येते. पत्नीवर, मुलीवर किंवा सुनेवर. तिला विचारा, "काय करतेस?" ती म्हणेल, "काही नाही, घरीच असते."

नेदरलँड्समध्ये या कामाला नाव आहे. डच भाषेतला शब्द आहे 'मांटलझोर्ख'. 'मांटल' म्हणजे अंगाभोवती घ्यायचे उबदार वस्त्र आणि 'झोर्ख' म्हणजे काळजी. घरचे, शेजारी, मित्र पगार न घेता आजारी माणसाची जी देखभाल करतात, ती मांटलझोर्ख. १९७२ साली एका डच प्राध्यापकाने हा शब्द घडवला. आज तो रोजच्या बोलण्यात आहे. "मी आईची मांटलझोर्ख करते," असे बाई डॉक्टरांना सांगते, कामावर साहेबालाही सांगते.

नाव मिळाले, तसे हक्कही आले. नोकरदाराला आजारी आप्तासाठी वर्षाला दोन आठवड्यांच्या कामाइतकी रजा घेता येते आणि त्या काळात किमान ७० टक्के पगार मिळतो. सेवा करणाऱ्याला आधार देणे ही कायद्याने नगरपालिकेची जबाबदारी आहे. तिला विसावा मिळावा म्हणून काही काळ दुसऱ्या कुणी रुग्णाला सांभाळण्याचीही सोय असते. तरीही तिथे अनेकजणी "मी फक्त मुलीचे कर्तव्य करते" म्हणतात आणि पार थकल्यावरच मदत मागतात.

अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, ही विनयपिटकातील कथा आपल्याला ठाऊक आहे. भिक्खूंनी एकमेकांची शुश्रूषा करावी, असे त्यांनी संघाला सांगितले. म्हणजे सेवा एकट्याची नाही, सर्वांची.

म्हणून आपल्या घरात एवढे करा:

• पाळी लावा. मुलगा, नवरा, दीर यांनीही रात्री जागावे.
• सेवा करणारीची झोप उडाली, कंबर धरली, सारखी चिडचिड किंवा रडू येऊ लागले, तर तिलाही डॉक्टरांकडे न्या. "घरात रुग्ण आहे, मीच बघते," हे तिने तिथे सांगावे.
• तिच्या स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकू देऊ नका.
• रविवारी विहारातून येताना शेजारच्या घरी दोन तास बसा. तेवढ्यात ती माउली झोपेल.

ती 'घरीच' नसते. ती कामावर असते.