शारिपुत्रप्रकरण : प्राचीन रंगभूमीवरील धम्मसंवाद

संस्कृत नाट्यवाङ्मयाचा इतिहास सामान्यतः भास आणि कालिदास यांच्या नावांनी सुरू केला जातो. तथापि आज उपलब्ध असलेले संस्कृत नाटकांचे सर्वांत प्राचीन हस्तलिखित बौद्ध नाटकांचे आहे, ही गोष्ट आपल्या उपासक-उपासिकांनाही फारशी परिचित नाही. म्हणून त्या नाटकांचा अल्प परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एका शंकेचा विचार केला पाहिजे. नृत्य, गीत, वाद्य आणि खेळतमाशे यांपासून विरती हा अट्ठसीलातील सातव्या शीलाचा भाग आहे. मग बौद्ध परंपरेत नाटक कसे निर्माण झाले? याचे उत्तर संयुत्तनिकायातील तालपुटसुत्तात सापडते. नटांचा प्रमुख तालपुट याने भगवंतांना विचारले की, प्रेक्षकांना हसविणारा नट मरणोत्तर हसऱ्या देवांच्या लोकी जातो, हे पूर्वाचार्यांचे म्हणणे खरे काय? भगवंतांनी दोनदा हा प्रश्न टाळला. पुन्हा विचारल्यावर त्यांनी सांगितले की, लोभ, द्वेष आणि मोह यांनी आधीच बांधलेल्या लोकांना नट त्यांतच अधिक गुंतवितो व स्वतःही प्रमत्त होतो. त्याची गती चांगली नाही. पूर्वाचार्यांनी आपणास दीर्घकाळ फसविले, या जाणिवेने तालपुट रडला. पुढे तो भिक्खु होऊन अर्हत झाला, आणि त्याच्या गाथा थेरगाथेत समाविष्ट आहेत. तात्पर्य, आक्षेपाचा रोख मनुष्याला मोहात गुंतविणाऱ्या कलेवर आहे. मोह दूर करणारे नाटक लिहिता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे खुला राहतो.

या प्रश्नाचे उत्तर अश्वघोषाने दिले. 'बुद्धचरित' आणि 'सौंदरनंद' या महाकाव्यांचा हा कर्ता परंपरेने कनिष्काचा समकालीन मानला जातो. मध्य आशियात गेलेल्या जर्मन संशोधन-मोहिमांना कुचाजवळील किझिल येथील लेण्यांत ताडपत्रांचे तुकडे मिळाले. त्यांवरील लिपी कुषाणकालीन आहे. हाइनरिख ल्यूडर्स यांनी ते तुकडे जुळवून १९११ साली प्रसिद्ध केले. त्यांतील एका नाटकाच्या समाप्तिलेखात 'शारिपुत्रप्रकरण' हे नाव, नऊ अंकांची संख्या आणि सुवर्णाक्षीपुत्र अश्वघोष हा कर्ता, असा स्पष्ट निर्देश आहे.

कथावस्तू विनयपिटकाच्या महावग्गातील आहे. अस्सजि थेरांची भेट झाल्यावर सारिपुत्त आणि मोग्गल्लान संघात येतात, हा वृत्तांत आपल्या वाचकांस ज्ञात आहे. धम्मपद-अट्ठकथेनुसार या दोघा मित्रांना वैराग्य आले तेही राजगृहाच्या गिरग्गसमज्ज या उत्सवातील खेळ पाहत असताना, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

नाटकात अश्वजिताच्या भेटीनंतर शारिपुत्राचा मित्र असलेला विदूषक हरकत घेतो की, क्षत्रियाचा उपदेश आपल्यासारख्या ब्राह्मणांनी स्वीकारणे योग्य नव्हे. शारिपुत्र त्यास सांगतो की, हीन वर्णाच्या मनुष्याने दिलेले औषधही रोग्याला बरे करते, आणि त्याने दिलेले पाणीही तहानलेल्याला शांतवते. सत्य कोणाच्या मुखातून आले यावर त्याचे सत्यत्व अवलंबून नाही, हाच याचा अर्थ होय. पाण्याचा दृष्टांत १९२७ च्या महाड सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाला निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे दोघे मित्र भगवंतांकडे जातात. अखेरच्या भागात भगवंत आणि शारिपुत्र यांचा संवाद असून त्यात नित्य आत्म्याच्या कल्पनेचे खंडन आहे. म्हणजे जन्मश्रेष्ठत्व आणि आत्मवाद या दोहोंना या नाटकाने रंगभूमीवर उत्तर दिले.

त्याच हस्तलिखितात आणखी दोन नाटकांचे अंश आहेत. एकात बुद्धी, धृती आणि कीर्ती हे गुण पात्ररूपाने बोलतात. दुसऱ्यात गणिका, विदूषक व दुष्ट अशी पात्रे आहेत. कर्त्याचे नाव मात्र या अंशांत उरलेले नाही. या नाटकांत संस्कृतबरोबर प्राकृताची प्राचीन रूपे आढळतात. त्यामुळे पालि-प्राकृताच्या अभ्यासकाला भाषेच्या इतिहासाचे मोलाचे साधन लाभले आहे. गद्य-पद्याची मिश्र रचना, अंकविभाग, विदूषक, पात्रपरत्वे भाषाभेद हे सर्व येथे सिद्ध स्वरूपात दिसते. म्हणून त्यापूर्वीही रंगभूमीची दीर्घ परंपरा असली पाहिजे, असे अनुमान निघते.

भारतात या नाटकाची प्रत टिकली नाही. ती दूरच्या कोरड्या प्रदेशातील लेण्यांत टिकली. विहारांचा आणि संघाचा लोप झाला की ग्रंथही लोपतात, हा यातील बोध आहे. आंबेडकरी जलशांनी रंगमंचावरून बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. तेव्हा नाट्यातून प्रबोधन ही गोष्ट आपल्या परंपरेला परकी नव्हे. आपल्या अभ्यासवर्गांत महावग्गातील मूळ वृत्तांत आणि शारिपुत्रप्रकरणाचे अंश एकत्र ठेवून वाचले जावेत, अशी आमची विनंती आहे.