गावाची जैवविविधता नोंदवही तुम्ही पाहिली का? कोणी लिहिली, त्यात काय असायला हवं, आणि काय लिहू नये

मागच्या महिन्यात दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेलो होतो. भाऊसाहेब कपाट आवरत होते. जुन्या फायलींच्या खालून एक जाडजूड स्पायरलची वही निघाली. वर छापलेलं, 'लोक जैवविविधता नोंदवही'. उत्सुकतेनं उघडली. गावाचं नाव बरोबर, लोकसंख्या बरोबर. माशांच्या यादीत मात्र पापलेट आणि सुरमई! आमच्या गावाला एकच ओढा, तोही फेब्रुवारीत आटतो.

हे आमच्या एका गावापुरतं असेल असं समजू नका. म्हणून ही वही म्हणजे नेमकं काय, ते आज सांगतो.

जैविक विविधता कायदा 2002 साली झाला. त्याच्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. समितीचं मोठं काम म्हणजे ही नोंदवही. गावात कोणती झाडं, रानभाज्या, औषधी वनस्पती, मासे, पक्षी, जनावरं आहेत, पिकांचे जुने वाण कुणाकडं आहेत, आणि त्याबद्दल गावातल्या माणसांना काय माहिती आहे, हे सगळं गावानं स्वतः लिहून ठेवायचं. ज्येष्ठ शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ही कल्पना मांडली आणि वाढवली. त्यांचा आग्रहच असा होता, की शास्त्रज्ञानं मदत करावी, पण सांगणारा गावकरी असावा.

कायदा झाला तरी बरीच वर्षं वह्या झाल्याच नाहीत. मग प्रकरण राष्ट्रीय हरित लवादात गेलं. लवादानं 2019 मध्ये सांगितलं, 31 जानेवारी 2020 पर्यंत सगळीकडं समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्यांनी दरमहा 10 लाख रुपये भरायचे. मग काय, देशभर धावपळ उडाली. वर्षानुवर्षं राहिलेलं काम काही महिन्यांत उरकायचं होतं. गावात ना वेळ, ना लिहिणारा. तिथं सल्लागार संस्था आल्या.

सल्लागार म्हटलं की आपल्याला वाटतं, फुकटचा मधला माणूस. तसं सरसकट म्हणता येणार नाही. वनस्पतीचं शास्त्रीय नाव ठरवणं, फोटो काढून नमुना जुळवणं, नकाशा करणं, ही कामं जाणकारालाच जमतात. कॉलेजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, पक्षी ओळखणारी मंडळी यात मनापासून राबतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा एका संस्थेकडं खूप गावं असतात आणि मुदत थोड्या दिवसांची असते. मग एका गावाची फाईल उघडायची, नाव बदलायचं आणि प्रिंट मारायची. आमच्याकडं सुरमई अशीच पोहत आली असणार.

खरी वही एका आठवड्यात होऊच शकत नाही. कुर्डू आणि टाकळा पावसाळ्यात दिसणार, चाईचा मोहर पाऊस सुरू झाल्यावर, करवंदं उन्हाळ्यात. वर्षभराचे हंगाम फिरल्याशिवाय यादी पुरी होत नाही. आणि माहिती कुणाकडं असते? सरपंचांकडं नाही. ती रानभाजी खुडणाऱ्या बायकांकडं असते, मेंढपाळाकडं असते, ठाकर-कातकरी म्हाताऱ्यांकडं असते, जनावरांना झाडपाला देणाऱ्या एखाद्या आबांकडं असते. चांगला सल्लागार त्यांच्या मागं रानात चालतो, गावातलं नाव आधी लिहितो, शास्त्रीय नाव नंतर. शेवटी सगळी वही ग्रामसभेत वाचून दाखवतो. वाचून दाखवली असती तर आमचं पापलेट तिथंच पकडलं गेलं असतं.

आता प्रश्न येतो, या वहीचा आपल्याला फायदा काय?

आपल्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा गोळा होतो, गुळवेल आणि शतावरी जाते. करोनाच्या काळात तर गुळवेलीला एकदम मागणी आली. माल गावातून जातो आणि पैसा वर वाढत जातो. कायदा सांगतो, की धंद्यासाठी गावाच्या हद्दीतून असा माल नेणाऱ्याकडून समिती संकलन शुल्क घेऊ शकते. गावाचा स्थानिक जैवविविधता निधी असतो, त्यात ही रक्कम जमा होते. शिवाय आपल्या हद्दीतल्या वनस्पतीच्या वापराला वर परवानगी देताना प्राधिकरणानं आणि राज्य मंडळानं समितीचं मत घ्यायचं असतं. पण मत देणार कशाच्या आधारावर? वहीत तुमचा हिरडाच नसेल तर तो तुमच्या गावात आहे हे दाखवणार कसं?

देशी कंपनीनंसुद्धा लाभातला वाटा द्यायला हवा, हे उत्तराखंड उच्च न्यायालयानं डिसेंबर 2018 मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. मात्र पुढं 2023 मध्ये कायदा बदलला. ग्रंथांत लिहिलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि आयुष वैद्यांना बरीच सूट मिळाली. लागवडीच्या औषधी वनस्पतींनाही सवलत आहे. म्हणजे जे ज्ञान ग्रंथात नाही, फक्त गावातल्या माणसाच्या तोंडी आहे, त्याची गावाकडं नोंद असणं आता जास्त महत्त्वाचं झालं, असं मला तरी वाटतं.

सल्लागाराकडून आणखी एक काम करून घ्यायला हवं, ते म्हणजे किती काढायचं याचा हिशेब. गुळवेलीचा वेल वरून कापला आणि खालचा भाग ठेवला तर परत फुटतो. सफेद मुसळीचं तसं नाही, तिथं कंदच खणून निघतो. वन्य वस्तूंच्या जगभरातल्या व्यापारासाठी 'साईटीस' नावाचा करार आहे, भारत त्यात 1976 पासून आहे. त्यातही हाच प्रश्न विचारतात: एवढा माल बाहेर गेला तर ती जात रानात टिकेल का? सर्पगंधा त्या कराराच्या दुसऱ्या यादीत आहे, परवान्याशिवाय ती देशाबाहेर जाऊ शकत नाही. दिल्लीत जो हिशेब निर्यातीसाठी करतात, तोच गावानं आपल्या डोंगरासाठी करायचा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. वहीत सगळंच लिहायचं नसतं.

मांडूळ तुम्हाला माहीत आहे. बिनविषारी, सुस्त, बांधावर उंदीर खाऊन आपलंच काम करणारा साप. शेपूट बोथट असल्यानं दोन तोंडांचा वाटतो, आणि त्यावरून पैशाचा पाऊस, गुप्तधन अशा थापा पसरल्या. जितकं वजन जास्त तितके लाख जास्त, असं सांगून टोळ्या फिरतात. वजन वाढवायला सापाच्या पोटात लोखंडी गोळ्या घातल्याची प्रकरणंही झाली आहेत. यात कुणी श्रीमंत झालेला मी पाहिला नाही, पण गावाकडची पोरं गजाआड गेलेली पाहिली आहेत. मागं कुठंतरी बसलेला मोठा खरेदीदार बहुतेक वेळा सापडत नाही.

खवले मांजराचंही तेच. मुंग्या आणि वाळवी खाऊन जगणारं गरीब जनावर, मादी एका वेळी एकच पिल्लू देते. त्याची खवलं म्हणजे आपल्या नखांसारखाच पदार्थ, औषध म्हणून काही सिद्ध झालेलं नाही. तरी परदेशात मागणी आहे. 2016 मध्ये साईटीसच्या बैठकीत खवले मांजराच्या आठही जाती पहिल्या यादीत टाकल्या, म्हणजे धंद्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. आपल्या कायद्यात तर ते पहिल्या अनुसूचीत आहे. पकडलं, विकलं तर किमान तीन वर्षं तुरुंगवास, तो सात वर्षांपर्यंत जाऊ शकतो. कोकणात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं यावर गावागावांत काम केलं. डुगवे गावानं तर खवले मांजराचा उत्सव केला.

म्हणून वहीत खवले मांजर आहे एवढं लिहा, बीळ कुठल्या गटात आहे ते लिहू नका. मांडूळ कुणाच्या बांधावर निघतो तेही नको. आबांचा औषधाचा नुस्खाही असाच. जी माहिती गुप्त ठेवायची आहे ती वेगळी ठेवता येते, ते समितीच्या हातात आहे. सल्लागार मोबाईलवर लोकेशनसकट फोटो काढत असेल, तर तो कुठं जातो आणि कुणाकडं राहतो, हे विचारायला लाजू नका. वही गावाची आहे, संस्थेची नाही. मूळ प्रत आणि फोटो गावाकडंच हवेत.

तुमच्या गावात बघायचं असेल तर ग्रामपंचायतीत जा आणि तीन गोष्टी विचारा: समितीत कोण कोण आहे, वही कुठं आहे, आणि ती ग्रामसभेत कधी वाचली. कित्येक ठिकाणी आपण सदस्य आहोत हे सदस्यालाच माहीत नसतं. आमच्या समितीतल्या एका ताईंना मी सांगितलं तेव्हा कळलं! वही बदलता येते, भर घालता येते, ती एकदाच छापून बंद करायची गोष्ट नाही. आणि कुणी मांडूळ किंवा खवले मांजर विकत मागत असेल, तर वन विभागाचा 1926 हा नंबर फिरवा.

आमच्याकडं दुरुस्तीचा अर्ज मी लेखी दिला आहे. पुढच्या ग्रामसभेत विषय घेतो, असं भाऊसाहेब म्हणाले. रानभाज्यांची यादी करायला बचत गटाच्या बायका तयार आहेत, पण त्या म्हणतात पाऊस पडू द्या, आत्ता रानात काय दाखवणार?