मणी दिसतात, सूत्र दिसत नाही

चंद्रभागेचे स्नान, विठुरायाचे दर्शन आणि गळ्यात तुळशीची माळ, एवढे लाभले की आषाढीस आलेला वारकरी कृतार्थ होतो. ही माळ घडविण्याचा वारसा पंढरीतील काशीकापडी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. वाळलेल्या तुळशीकाष्ठाचे लहान तुकडे करावयाचे, ते कातून गोल करावयाचे, प्रत्येकास मध्यावर छिद्र पाडावयाचे. हात जरा चळला की मणी वाया जातो. मग एकसारखे मणी निवडून ओवणे. जपमाळेस १०८ मणी आणि वर मेरुमणी. गळ्यातील माळ एकपदरी वा दुपदरी.

सूत्रात मणी ओवावेत तसे हे विश्व आपल्या ठायी ओवलेले आहे, असा दृष्टान्त गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी दिला आहे. आम्ही तो कीर्तनांतून कितीदा तरी रंगविला. एका वर्षी मात्र कीर्तन आटोपून माळ घ्यावयास गेलो आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करीत बसलो. ओवणाऱ्या माउलीने मुकाट्याने माळ पुढे केली. तिच्या बोटांवर सुईचे व्रण होते. मणी सर्वांस दिसतात, सूत्र दिसत नाही. आणि ते सूत्र ओवणारे हात तर आम्हांसही दिसले नव्हते!

आज अन्य लाकडाचे मणीही तुळशीच्या नावाने खपतात. म्हणून भाविकांस विनंती, की माळ घडविणाऱ्याकडूनच पारखून घ्यावी आणि तिचे मोल आनंदाने द्यावे. तेही विठ्ठलपूजनच होय.