सैंधव हेही लवणच आहे

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात उच्च रक्तदाबाने पीडित असे एक प्रौढ गृहस्थ येत असत. औषधे नियमित चालू असूनही रक्तदाब आटोक्यात येत नव्हता; सायंकाळी पायांवर शोथ दिसे. मिठाविषयी पृच्छा करता ते समाधानाने उद्गारले, "मीठ केव्हाच सोडले, वैद्यराज! आपण सांगितल्याप्रमाणे फक्त सैंधव घेतो." किती घेता, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. भाजी, ताक, काकडी, सर्वत्र सैंधवाचा मुक्तहस्ते वापर होत होता. त्यावर दोन्ही जेवणांनंतर लवणभास्कर चूर्ण, तेही आम्हीच दिलेले! दोष रुग्णाचा नव्हता.

चरकाचार्यांनी लवणांत सैंधव श्रेष्ठ मानले आणि नित्यसेवनीय द्रव्यांत त्याची गणना केली, हे आपण सर्वच जाणतो. परंतु त्याच संहितेच्या विमानस्थानात पिप्पली, क्षार आणि लवण ही तीन द्रव्ये अतिमात्रेत सेवू नयेत, असेही बजावले आहे. लवणाच्या अतियोगाने शैथिल्य आणि दौर्बल्य येते, हे सांगताना आचार्य उदाहरण देतात ते बाह्लीक, सौराष्ट्र, सौवीर आणि सिंधुदेशीय लोकांचे. हे लोक दुधाबरोबरही लवण खातात, अशी नोंद तेथे आहे. ज्या भूमीवरून सैंधवास नाव मिळाले, तेथील रहिवासीच अतियोगाचे उदाहरण व्हावेत, हे आम्हांस फार बोलके वाटते.

सैंधव गुणांनी सौम्य आणि अविदाही असले, तरी त्याचा बहुतांश भाग सोडियम क्लोराइडच असतो. सोडियम पेशींबाहेरील जलांश धरून ठेवते; क्लेद वाढविणारा रस म्हणून आपण लवणाचे जे वर्णन करतो, त्याच्याशी हे सुसंगतच आहे. वेष्टनावर ज्या '८४ खनिजां'ची जाहिरात असते, ती आहारातील मात्रेत इतकी अत्यल्प असतात की त्यांवर पोषणाची भिस्त ठेवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. आता आपल्या चूर्णाचा हिशेब पाहावा. शार्ङ्गधरोक्त लवणभास्करात सामुद्र ८, सौवर्चल ५, बिड २ आणि सैंधव २ कर्ष, म्हणजे एकूण ४१ कर्षांत १७ कर्ष लवणेच आहेत. ३ ग्रॅम चूर्ण दोन वेळा दिले की सुमारे अडीच ग्रॅम लवण पोटात गेले. दिवसाच्या मर्यादेचा अर्धा भाग औषधानेच व्यापला.

दुसरा प्रश्न आयोडिनचा. प्रा. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेल्या प्रयोगात आयोडिनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटल्याचे दिसले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. नैसर्गिक सैंधवात पुरेसे आयोडिन नसते. गर्भिणीला दररोज २५० मायक्रोग्रॅम आयोडिन लागते. घरातील सर्व मीठ बदलून सैंधव आणण्याचा सल्ला देताना त्या घरात गर्भिणी अथवा स्तन्यदा स्त्री आहे काय, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात? आयोडिनयुक्त सैंधवही मिळते. फार्मसीचालकांनी ते वेगळे दाखवून द्यावे.

याहून अधिक सावधगिरी 'लो सोडियम' मिठाबाबत हवी. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनच्या ग्रामीण भागातील सुमारे २१,००० व्यक्तींवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. लाभ खरा आहे. मात्र वृक्कविकारात पोटॅशियम शरीराबाहेर नीट पडत नाही आणि त्याचा संचय हृदयगती बिघडवितो, प्रसंगी प्राणघातक ठरतो. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधेही रक्तातील पोटॅशियम वाढवितात, आणि रक्तदाबाच्या अनेक रुग्णांकडे नेमकी हीच असतात. अशा ग्राहकाने दुकानात येऊन हे मीठ मागितल्यास विक्रेत्याने त्याची चालू औषधे अवश्य विचारावीत. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी होईपर्यंत पुडा हाती देऊ नये.

त्या गृहस्थांचे लवणभास्कर आम्ही थांबविले. हिंग्वाष्टकातही सैंधव आहेच, म्हणून दीपनासाठी पंचकोल योजिले. दिवसभराचे सैंधव सकाळीच एका वाटीत मोजून ठेवावे आणि स्वयंपाकासह सर्व त्यातूनच घ्यावे, असे त्यांच्या पत्नीस सांगितले. आता आमच्या केसपेपरवर 'मीठ कोणते?' याच्या पुढे 'किती?' असा स्वतंत्र रकाना आहे.