सोळा आणे ते शंभर पैसे

हातात तागडी आहे पण वजन एकही नाही, तरी धान्याच्या ढिगाची चोख वाटणी करता येते. काटा मध्ये येईपर्यंत दोन्ही पारड्यांत दाणे टाकत गेले की निम्मे झाले. त्याचे पुन्हा निम्मे केले की पाव, आणखी दोनदा केले की सोळावा हिस्सा. दहावा हिस्सा असा कधीच निघत नाही. शेराचे १६ छटाक, रुपयाचे १६ आणे, पायलीचे ४ शेर ही मापे मला या निम्मे करत जाण्याच्या रीतीतूनच आलेली दिसतात. त्यांना अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. वाटणीसाठी ती उत्तमच होती.

अडचण हिशेबात होती. २ रुपये ७ आणे शेराने ३ शेर ५ छटाक माल घेतला तर किती द्यायचे? दराचे ३९ आणे करा, मालाचे ५३ छटाक करा, गुणा, सोळाने भागा, उरलेल्या आण्याच्या पै करा. तेव्हा कुठे ८ रुपये १ आणा सव्वादोन पै हे उत्तर हाती येते. आपण आकडे लिहितो दहाच्या पटीत, एकं-दहं-शतं असे. माप सोळाच्या पटीत असले की प्रत्येक व्यवहारात एका पद्धतीतून दुसरीत जावे लागते. दशमानाचे खरे बळ इथे आहे: दहा हा आकडा मोठा गुणी म्हणून नव्हे, तर लिहिणे आणि मोजणे एकाच पटीत आले म्हणून. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नये पैसे झाले आणि पुढच्या वर्षापासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला.

यावर कोणी म्हणेल, पावकी, दिडकी, औटकी पाठ असलेल्यांना हा हिशेब तोंडी येत होता. येत होता, आणि ती विद्या फार मोलाची होती. पण ज्यांना शाळेचा उंबरठा ओलांडू दिला नव्हता, त्यांना दुकानदार सांगेल तो आकडा मान्य करावा लागे. त्यात शेरही गावोगाव सारखा नसे. दुसरा आक्षेप अधिक तोलामोलाचा आहे: बाराला दोन, तीन, चार, सहा या सगळ्यांनी भाग जातो, दहाला फक्त दोन आणि पाचने, मग बाराच का नको? गणिताच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण त्यासाठी अंकलेखनच बारावर न्यावे लागेल. नुसती मापे बारावर नेली तर शेर-छटाकांचेच दुखणे पुन्हा मागे लागेल.

निम्मे करण्याची सवय तरीही गेली नाही, आणि जायचे कारणही नाही. पाव किलो, सव्वा लिटर, अडीच मीटर आपण सर्रास म्हणतो. २५ पैशांचे नाणे २०११पर्यंत चालले आणि लोकांच्या तोंडी ते चार आणेच राहिले. तोळा पूर्वी सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता, आता सराफाकडे तो बहुधा १० ग्रॅमचा धरतात. ३३ फूट लांब-रुंद गुंठा १०१ चौरस मीटरांच्या आसपास भरतो, म्हणजे जवळपास एक आर. त्यामुळे सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले तरी बोलण्यातला गुंठा कोणाला अडला नाही. बांधकामावरची रेती-खडी मात्र आजही ब्रासने येते. त्यातला फूट जुना आहे, पण एका ब्रासचे घनफूट शंभरच.